माझ्याआधी निघालेली पुस्तकं

मुलांनी शाळेत यश मिळवावं म्हणून आईबापांनी काय काय करावं, यावर हल्ली व्याख्यानं होतात. परवा ठाण्यातच एका गृहस्थांचं असं व्याख्यान ऐकून आलो. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे आईबाप मुलांच्या अभ्यासाकडे लक्षच देत नाहीत. मला हसू आवरेना. असे लक्ष न देणारे आईबाप कुणाच्या नशिबी असतात, कोण जाणे. माझ्या वडिलांनी माझ्या मॅट्रिककडे इतकं लक्ष दिलं, की मी नापास झालो.

वडील ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत कारकून होते. माझ्याबद्दलचा त्यांचा बेत साधा होता. पहिल्या फटक्यात मॅट्रिक झालो तर मुंबईला कॉलेजात पाठवायचं, नाहीतर कचेरीत उमेदवार म्हणून बसवायचं. उमेदवार म्हणजे बिनपगारी माणूस. एखादा कारकून पेन्शनीत निघेपर्यंत किंवा देवाघरी जाईपर्यंत त्याने कोपऱ्यात बसून कागदांच्या नकला करायच्या आणि वरिष्ठांची पानसुपारी सांभाळायची. वडिलांच्या खोलीत असे उमेदवार मी पाहिलेले होते. त्यातल्या एकाच्या मिशा पिकायला लागल्या होत्या आणि तरीही सगळे त्याला ‘होतकरू’ म्हणत. मला कॉलेजात जायचं होतं. इतकं कशासाठीच मी पुढे आयुष्यात झुरलो नाही.

अभ्यासाची वडिलांची परीक्षा कानाने होती. ओटीवर झोपाळ्यावर बसून ते डोळे मिटत आणि मला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावत. आवाज चालू आहे म्हणजे अभ्यास चालू आहे. आवाज थांबला की डोळे न उघडता विचारत, “का रे, झोपलास?” आळीतले लोक जाता-येता म्हणत, “काय मुलगा आहे! केवढ्याने वाचतो!” वडिलांची मान ताठ होई. या पद्धतीने इंग्लंडचा इतिहास मला असा पाठ झाला, की तिथले राजे आमच्या भाऊबंदांपेक्षा ओळखीचे वाटू लागले. भूमितीची मात्र पंचाईत झाली. भूमिती ओरडून येत नाही. तिला पाटीवर आकृती काढून गप्प बसावं लागतं, आणि आमच्या घरात गप्प बसणं हा आळस होता. म्हणून भूमितीची अवघड प्रमेयं मी शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवली. तेव्हा शाळेला सुट्टी असे आणि वडील दिवसभर कचेरीत असत. माझा बेत चोख होता.

त्यात कल्याणचे ज्योतिषीबुवा आले. आईच्या माहेरच्या सगळ्या लग्नामुंजींचे मुहूर्त त्यांनीच काढून दिलेले. परीक्षा मुंबईला होती, तेव्हा मी घरातून कधी निघावं हे त्यांना विचारणं ओघानेच आलं. ठाण्याहून मुंबई दक्षिणेला की पश्चिमेला, यावर आधी दोघांचा वाद झाला. वडील कचेरीतल्या नकाशाचा दाखला देत होते, बुवा पंचांगाचा. शेवटी दोन्ही दिशांना वर्ज्य असलेले वार टाळायचे असं ठरून तडजोड झाली, आणि त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर निघायला एकही दिवस उरला नाही. चांगला मुहूर्त होता तो आधल्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी.

“एवढ्या आधी मुंबईत कुणाकडे राहणार हा?” आईने आतून विचारलं.

“त्याला कशाला पाठवायचं? प्रस्थान ठेवा,” बुवा म्हणाले.

आता ही चाल फारशी उरलेली नाही, म्हणून सांगतो. मुहूर्तावर स्वतः निघणं जमत नसेल तर आपली एखादी वस्तू त्या मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग प्रत्यक्ष निघायच्या दिवशी ती वस्तू तिथून उचलायची आणि पुढे जायचं. मात्र तोपर्यंत तिला हात लावायचा नाही. लावला तर माणूस वाटेतून परत फिरल्यासारखं होतं. बहुतेक लोक फडक्यात तांदूळ आणि सुपारी बांधून ठेवत आणि मोकळे होत.

वडील बहुतेक लोकांतले नव्हते.

“योद्धा असेल तर शस्त्र ठेवावं, असं शास्त्र आहे ना?” त्यांनी विचारलं. “मग विद्यार्थ्याचं शस्त्र कोणतं?”

बुवांनाही ही कल्पना फार पसंत पडली. त्यांनी एखादं पुस्तक पुरेल असं सुचवलं. पण वडिलांनी कारकुनी पद्धतीने विचार केला. इंग्रजीचं ठेवलं आणि गणिताचं राहिलं तर? एकही विषय मागे राहता कामा नये. बुधवारी सकाळी माझी झाडून सगळी पुस्तकं, वह्यांसकट, धुवट धोतराच्या फडक्यात बांधली गेली. वर हळदकुंकू पडलं. आळीच्या टोकाला दक्षिणेकडे एक काकू राहत, त्यांच्या देवघरात ते गाठोडं जाऊन बसलं.

“पण अभ्यास?” मी धीर करून विचारलं.

“वर्षभर काय केलंस मग?” वडील म्हणाले. या प्रश्नाला उत्तर देण्याची त्या काळी मुलांना सोय नव्हती.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर माझ्या वर्गातल्या सोबत्याचं पुस्तक मी मागून आणलं असतं. पण वडिलांच्या मते मी आता निघालेला होतो. निघालेला मुलगा आळीत हिंडताना दिसला तर मुहूर्ताची काय किंमत राहिली? मला माजघरात बसवण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी, वडील कचेरीला निघायच्या आत, तो सोबती आपण होऊन भूमितीचं पुस्तक घेऊन आला. आपण दोघं मिळून प्रमेयं सोडवू, असं आमचं ठरलेलं होतं. वडील ओटीवरूनच म्हणाले, “तो गेला मुंबईला.” मी आत दाराआड उभा राहून स्वतःच्या मुंबईला जाण्याची बातमी ऐकली. सोबत्याची पावलं आळीतून लांब गेली आणि मला रडू फुटलं.

आईने ते पाहिलं. तिला अक्षरओळख नव्हती. अभ्यासाच्या कामी तिचा वाटा म्हणजे भिजवलेले बदाम, ब्राह्मीचं तूप आणि गणपतीला बोललेला नवस. प्रस्थानावर तिची वडिलांपेक्षाही श्रद्धा होती. वडिलांना निदान व्यवस्थेची हौस होती, तिला खरोखरची भीती वाटे.

“काय झालं रे?” तिने विचारलं.

“पुस्तक हवं होतं गं. तेवढंच राहिलंय.”

दुपारी विरजण मागायच्या निमित्ताने ती काकूंकडे गेली. परत आली तेव्हा एका हातात विरजणाची वाटी होती आणि दुसरा हात पदराखाली. माजघराचं दार लोटून तिने पदराखालून पुस्तक काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

“हेच ना? तुझ्या हातात सारखं असायचं तेच आणलंय बघ. लाल पुठ्ठ्याचं. तिकडची स्वारी कचेरीतून यायच्या आत वाचून घे. संध्याकाळी परत नेऊन ठेवते.”

तो इंग्लंडचा इतिहास होता.

मी तिला काय सांगणार? परत पाठवली असती तर ती गेलीही असती. पण तिचा चेहरा मला बघवेना. जिला देवघरातल्या समईची वात पुढे सारतानाही मनात धास्ती वाटे, तिने देवापुढचं गाठोडं सोडलं होतं. “हेच,” मी म्हणालो आणि पुस्तक उघडून बसलो. ती शेजारी बसून मला वारा घालत होती आणि मी पाठ असलेले राजे पुन्हा वाचत होतो. इतक्या आनंदाने कुणी माझ्या अभ्यासाकडे त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

परीक्षेत मला भूमिती सोडून सगळं आलं. भूमितीच्या वेळी प्रश्नपत्रिका हातात पडली आणि मी राखून ठेवलेली प्रमेयं एकेक करून माझ्याकडे बघू लागली. मी नापास झालो.

निकाल कळल्यावर वडील दोन दिवस झोपाळ्यावर बसले नाहीत. मला उमेदवारीला केव्हापासून न्यायचं, याचं बोलणं कचेरीत झालंच होतं. तेवढ्यात ज्योतिषीबुवा आले आणि आपल्या मुहूर्तावर बालंट येणार हे त्यांच्या ध्यानात आलं.

“प्रस्थान कुणी हलवलं नव्हतं ना?” त्यांनी विचारलं.

काकूंना बोलावणं गेलं. काकू म्हणाल्या, गाठ आधी एकेरी होती, नंतर दुहेरी दिसली, पण म्हटलं तुमच्याच घरचं कुणी असेल.

मी तोंड उघडायच्या आत आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “मी सोडली होती. पुस्तक काढलं आणि परत ठेवलं.”

वडील रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा चक्क उजळला! मुहूर्त बरोबर होता, व्यवस्था बरोबर होती, मुलगाही ढ नव्हता. बायकांच्या जातीला कळत नाही, एवढंच काय ते झालं होतं. बुवांनीही मान डोलावून जुन्या पोथ्यांतले दाखले दिले. आणि मुलाचा दोष नाही असं ठरल्यावर त्याला कचेरीत बसवण्याचंही कारण उरलं नाही. वडिलांनी मला आणखी एक वर्ष दिलं. माझं कॉलेज आईने असं मिळवून दिलं आणि तिला ते कधी समजलं नाही.

मी तिला पुष्कळ सांगितलं. “अगं, तुझ्यामुळे नाही, भूमितीमुळे गेलो,” म्हटलं. ती ऐकून घेई आणि कामाला लागे. त्या वर्षात मी जेवायला बसताना पुस्तक पाटाशी ठेवलं तर ती वळसा घालून वाढायला येई. केर काढताना माझ्या बैठकीभोवतीची जागा ती तशीच सोडून देई आणि धाकट्या बहिणीला तिथे पाठवी.

पुढच्या वर्षी वडिलांनी त्या पुस्तकांवर दोष राहिला आहे असं ठरवून प्रस्थानाला नुसती सुपारी ठेवली. म्हणून शेवटचा आठवडा भूमितीचं पुस्तक माझ्याजवळ राहिलं. मी पास झालो. ओटीवर पेढे वाटले गेले, वडिलांनी बुवांना उपरणं दिलं, आळीतले लोक माझ्या आवाजाची तारीफ करून गेले. मी नमस्कार करायला आत गेलो. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“बघ,” ती म्हणाली, “ह्या खेपेला मी कशाला म्हणून हात लावला नाही.”