न घडलेल्या गोष्टींचा अर्ज

मेहकरच्या कचेरीसमोर लिंबाखाली एक म्हातारा लोकांचे इंग्रजी अर्ज लिहीत बसे. शब्द अडला की टाक केसांना पुसायचा, त्यामुळे पांढऱ्या केसांत एक पट्टी कायम निळी. इंग्रजी व्याकरणातला एकच प्रकार त्याला फार प्रिय होता : अमुक झालं नसतं, तर तमुक झालं नसतं. मी तिथेच स्वराज्याची पत्रकं वाटायचो आणि त्याला गोऱ्या साहेबाचा मिंधा समजायचो.

एकदा साखरखेर्ड्याची एक माळीण आली. पाटलाच्या माणसांनी तिच्या गोठ्याचं फाटक उघडलं होतं, बैल हुसकले होते आणि स्वतःच कोंडवाड्यात नेऊन घातले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा लिलाव होता. बैल गेले की मोट बंद, मळा वाळणार.

"लिहा, पाटलाने जुलूम केला!" मी ओरडलो.

त्याने आपलंच लिहिलं आणि तिला मराठीत सांगितलं, "फाटक कोणी उघडलं नसतं, तर बैल बाहेर आले नसते."

"पाटलाचं नाव काऊन नाही घेतलं?"

"नाव घेतलं का साहेब पाटलाले जपते, बाई. जे झालंच नाही ते सांगतलं, का मंग स्वतःच विचारते, फाटक उघडलं कोणं?"

साहेबाने खरंच विचारलं. संध्याकाळी बैल सुटले.

"तुम्हांला राग येतच नाही का हो?" मी विचारलं.

त्याने टाक केसांना पुसला. "राग आला नसता, त इंग्रजी शिकलोच नसतो, बाबू."