मामांचं लिव्हर आणि भिंतीतला खिळा

माणसाचं रक्त कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य ज्येष्ठ नागरिक संघाच्या सेक्रेटरींनी मोफत रक्ततपासणीच्या उद्घाटनाला समई पेटवता पेटवता उच्चारलं आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे टाळी वाजवताना जरा अडखळलो. रक्त खोटं बोलत नाही हे खरं. पण बातमी कुठून आणली हे सांगायची त्याला सवय नाही.

माझे सासरे त्या संघाचे अध्यक्ष. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो. निवृत्त मुख्याध्यापक, आणि गेली वीस वर्षं कोल्हापूरपासून गडहिंग्लजपर्यंत एसटीनं हिंडून दारूबंदीवर व्याख्यानं देणारे. पंच्याहत्तरी झाली म्हणून संघानं त्यांचा सत्कार ठरवला होता. मानपत्राचा मसुदा तयार होता आणि त्यात एक वाक्य होतं : ‘आयुष्यभर जे मद्याच्या थेंबालाही शिवले नाहीत.’ मामांनी ‘मला सत्काराची हाव नाही’ असं सलग तीन बैठकांत सांगितलं, आणि तिन्ही वेळा इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

सत्काराच्या आदल्या रविवारी रिपोर्ट आले. सेक्रेटरी ते हॉलमध्ये माइकवरून नाव पुकारून वाटत होते. मामांचा रिपोर्ट त्यांनी उघडला आणि माइक चालू असतानाच म्हणाले, “गुरुजी, तुमच्या लिव्हरच्या खात्यात काळ्या ठळक अक्षरात कायतरी आलंय की ओ!”

अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम वाढलं होतं. छापील कागदावर ते यकृताच्या तपासण्यांमध्येच बसवलेलं असतं, म्हणून हॉलनं ते यकृताचं धरलं. संध्याकाळपर्यंत पुरावे गोळा झाले. महिना-दीड महिना गुरुजी भिंतीला धरून उठतात. एका अंगानं झुकून, जपून पावलं टाकतात. जवळ गेलं की उग्र वास येतो. हे सगळं खरं होतं. वास दुखण्यावरच्या तेलाचा होता, पण पुराव्याच्या इतक्या जवळ जाऊन वास घ्यायला कुणाला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी मामांच्या घरी आले. मीही तिथं होतो.

“सत्कार हुणारच गुरुजी, त्यात बदल न्हाय,” ते म्हणाले. “फकस्त मानपत्रातलं त्ये थेंबाचं वाक्य तेवढं काढू. लोकं हसत्यात.”

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. ते वाक्य गेलं की वीस वर्षांची व्याख्यानं गेली.

स्वयंपाकघरातून मामी बाहेर आल्या. “पन्नास वर्सं ह्या माणसाच्या शेजारी झोपतीया मी. पिला असता तर मला कळायला तुमचा कागुद लागला असता व्हय? आन् पिला असता तर जरा गोड तरी बोलला असता.”

सेक्रेटरी गेल्यावर मी रिपोर्ट मागून घेतला. यकृताच्या बाकी सगळ्या तपासण्या ठणठणीत होत्या. हे एन्झाइम यकृतात बनतं तसं हाडातही बनतं. आतड्याचं आणि गरोदरपणातल्या वारेचं वेगळं असतं. हाडाचं आणि यकृताचं मात्र मुळात एकच, प्रत्येक अवयव त्यावर साखरेची झालर तेवढी वेगळी लावतो. रिपोर्टमध्ये सगळ्यांची बेरीज येते. म्हणजे एकाच माणसानं दोन गावांत दोन वेगवेगळ्या शाली पांघरून सत्कार घ्यावेत आणि पेपरात बातमी मात्र एकच यावी, तसं.

शालीतला फरक उष्णतेत कळतो. मामांचं थोडं रक्त मी कॉलेजात नेलं आणि त्यातला सीरम छप्पन्न अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला. यकृताचं एन्झाइम तेवढी ऊब बऱ्यापैकी सोसतं, हाडाचं मान टाकतं. मामांचं जवळजवळ सगळं गेलं. ते हाडाचं होतं. मोडलेलं हाड सांधत असलं की ते असं वाढतं.

संध्याकाळी मी त्यांना माडीवर गाठलं. “मामा, कुठं पडलात?”

“मी? छे!”

“बरगडी असावी.”

त्यांनी जिन्यात डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, “पावणं, दार लावा.”

पौर्णिमेला मामी नृसिंहवाडीला गेल्या होत्या. घरात कुणी नव्हतं. मामा स्टुलावर चढले, बैठकीच्या भिंतीत, सोफ्याच्या बरोब्बर वर, खिळा ठोकला, आणि खाली उतरताना थेट सोफ्याच्या लाकडी हातावर आले. खिळा मानपत्रासाठी होता. सत्कार ठरून तेव्हा चार दिवस झाले होते.

“मी कॅलेंडरसाठी म्हणून सांगितलंय घरात,” मामा म्हणाले. “आता लोकांना काय सांगू? पितो असं समजू देऊन गप्प बसू, की...”

“कॅलेंडर स्वयंपाकघरात हाय,” दाराबाहेरून मामींचा आवाज आला. “मला त्याच दिवशी कळलंतं. स्टूल न्हाणीत कशाला लपवलंता?”

एक्स-रे काढला. उजवीकडच्या दोन बरगड्या सांधत आल्या होत्या. मी सेक्रेटरींना एवढंच सांगितलं, की एन्झाइम हाडाचं आहे, वाक्य ठेवा. त्यांना ते पटेना. “पडलं कशानं? पिऊनबी पडत्यात की.” प्रश्न शास्त्राला धरून होता. माझ्या सीरमपाशी त्याचं उत्तर नव्हतं.

रविवारी हॉल भरला होता. मामांना फेटा बांधला, शाल घातली. सेक्रेटरी मानपत्र वाचायला उभे राहिले तेव्हा मामांनी त्यांच्या हातातला माइक घेतला.

“मला सत्काराची हाव नाही, असं मी तीनदा म्हणालो,” ते म्हणाले. “ते खोटं होतं. मानपत्र टांगायला खिळा ठोकताना मी स्टुलावरून पडलो. हा एक्स-रे.” आणि तो त्यांनी ट्यूबलाइटकडे धरला.

 सेक्रेटरींनी डोळे पुसले, माइक परत घेतला आणि म्हणाले, “एवढा मोठा माणूस! बघा, अहंकार कसा तो न्हाईच!” टाळ्या बराच वेळ चालल्या. मामी पहिल्या रांगेत कपाळाला हात लावून बसल्या होत्या. थेंबाचं वाक्य जसंच्या तसं वाचलं गेलं.

मानपत्र फ्लेक्सवर छापलं होतं. चार फूट बाय सहा फूट, खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो. ते गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. खिळ्याला एक्स-रेचं पाकीट टांगलेलं आहे.