कमरेएवढं कुंपण

सलूनवाले काका सलून विकून घरी बसले त्याला बराच काळ लोटला, तरी गल्लीत त्यांचं नाव तेच राहिलं. माणूस बोलघेवडा नव्हे. खुर्चीत बसणारे बोलायचे आणि काका नुसतं 'हं' म्हणायचे. त्या एका 'हं'वर त्यांनी अख्खा धंदा केला. कुणाचा संसार मोडतोय, कुणाचा भाऊ बोलत नाही, सगळं आरशासमोर ओकून लोक हलके होऊन घरी जात. सांगितलं की हलकं होतं, हे काकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वतःवर मात्र ती वेळ आली नव्हती. काकू होत्या तोवर त्या न सांगताच ओळखत.

काकू गेल्या आणि घर खायला उठलं. मुलगी लांब, तिचा फोन "गोळ्या घेतल्या ना?" एवढ्यावर आटपायचा. मग काकांनी आपली एक सोय लावून घेतली. मागच्या अंगणात शेजाऱ्यांच्या बाजूला झुडपांची जुनी रांग होती. तिची पानं गळली की फांद्यांमधून शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर दिसे. ताटं मांडणारी आई, हातातला पेपर न सोडणारा बाप, भाजी हळूच कडेला सारणारी मुलगी. काका आपलं ताट घेऊन मागच्या पायरीवर बसत. तिकडे वाढायला घेतलं की हेही वाढून घेत. मुलगी हसली की यांना घास गोड लागे. आपण चोरून बघतोय हे त्यांच्या मनातही आलं नाही. झुडपांना पालवी फुटली की मात्र अन्नावरची वासनाच उडायची.

एके दिवशी शेजारीण कुंपणाशी आली. "काका, ही झुडपं म्हातारी झाली हो. पानं गळली की सगळं उघडं पडतं. बारमाही हिरवं काहीतरी लावू या. तुम्हाला झाडांतलं कळतं, तुम्हीच निवडा."

काकांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. छाटायला हात सरावलेला, एवढंच. तरी 'हं' म्हणून ते रोपवाटिकेत गेले.

तिथल्या बाईंनी कामिनी पुढे केली. "हीच न्या. डोक्याच्या वर जाते, पान कधी सोडत नाही. पलीकडचं मांजरसुद्धा दिसायचं नाही."

काकांनी कामिनी बाजूला सारली. बारमाही हिरवं म्हणजे बारमाही भिंत. त्यांनी तगर पाहिली, जास्वंद पाहिली, गिऱ्हाइकाचे केस पाहावेत तशी दोन बोटांत पानं धरून पाहिली. सगळी उंच जाणारी. कोपऱ्यात बुटकी एक्झोरा होती.

"ही केवढी होते?"

"कमरेएवढी. आडोसा नाही व्हायचा हां तिचा."

"हीच द्या."

घरी येईपर्यंत मन खायला लागलं. गिऱ्हाइकानं सांगितलं एक आणि आपण कापलं भलतंच, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. रोपं उतरवता उतरवता त्यांनी शेजारणीला सांगूनच टाकलं. "हिचा आडोसा व्हायचा नाही. मुद्दाम आणली. तुम्ही जेवायला बसता ना, तेव्हा मी इथं पायरीवर असतो. तुमच्याबरोबरच जेवतो म्हणा ना. ते बंद झालं तर मला जेवण जायचं नाही."

तिनं एकदा पायरीकडे आणि एकदा आपल्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "असं होय. राहू द्या मग हीच. आणि कधीतरी आमच्याकडेच या ना जेवायला."

जुनी झुडपं उपटून दोघांनी मिळून रोपं लावली. काकांना फार बरं वाटलं. संध्याकाळी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून ते पायरीवर बसले.

समोरच्या खिडकीला पडदा होता. नवा, जाड, घड्यांच्या रेघा अजून न मोडलेला. पडद्यामागून ताटांचा आवाज येत होता.

शेजारीण वाईट नव्हती. आपल्याला कुणी बघतंय हे कळल्यावर कुणाच्या घशाखाली घास उतरेल? काकांना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. ताट आत नेऊन त्यांनी ओट्याशी उभ्यानेच चार घास खाल्ले.

एक्झोरा छान लागली. कमरेच्या वर गेली नाही. शेजारीण भेटली की अजून म्हणते, "काका, या ना कधीतरी." कधी, ते ती सांगत नाही, काकाही विचारत नाहीत.