एका मिनिटाचं तमिळ

लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्या नवऱ्याला तमिळमध्ये धड पाणी मागता येत नव्हतं. तो नाशिकचा, मी तंजावरच्या मराठी घरातली, चेन्नईत वाढलेली. माझ्या मराठीला तो 'बखर' म्हणायचा. मी मुकाट्याने त्याचं मराठी शिकले. हे लिहितेय तेही त्याचंच. मी तमिळ शिकवायला बसले की त्याला हमखास झोप यायची.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्याच्या ऑफिसात एका पक्षाची माणसं काठ्या घेऊन घुसली. पाटी तमिळमध्ये लावा, नोकऱ्या इथल्या पोरांना द्या, ही मागणी. साहेब लेखी देईपर्यंत कुणाला सोडणार नाही म्हणून फाटकाला आतून कुलूप घातलं, सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. टीव्हीवर सारखं ते फाटक दाखवत होते. मी अण्णा नगरात आईच्या घरी फोनपाशी बसून होते. जीव थाऱ्यावर नव्हता.

चार वाजता फोन वाजला.

"बयप्पडादे मा, वंदुडुवेन."

घाबरू नकोस गं, येतो मी. आवाज त्याचाच. उच्चारही चक्क बरे. मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

माणूस जिवंत आहे हे कळलं. देवापुढे दिवा लावायचा, तर माझ्या डोक्यात एकच किडा: हे 'मा' कुणी शिकवलं? आमच्याकडे नवरा बायकोला लाडाने असं म्हणतो. पुस्तक वाचून ते कुणाला येत नाही. कुठल्यातरी बाईने शिकवलं असणार, आणि तिच्यासमोर ह्याला झोप आली नसणार. पुढचे तीन तास मी त्या न पाहिलेल्या बाईवर जळत बसले.

सातला तो आला. आईने हळद-चुन्याचं लाल पाणी ताटात कालवून माझ्या हातात दिलं. उंबऱ्यावर त्याला ओवाळता ओवाळता मी विचारलं, "तमिळ कुणी शिकवलं?" शर्टाची बाही फाटली होती, ती मला नंतर दिसली.

तो म्हणाला, "एकेकाला एक मिनिट फोन होता. पण बोलायचं तमिळमध्येच, म्हणजे त्यांना कळेल. माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे. बायकांना दोनलाच सोडत होते, ती गेली नाही. म्हणाली, सरांना बोलता येणार नाही, मी थांबते. दोन तास घोकून घेतलं माझ्याकडून. 'मा' पण तिनेच घातलं. त्याशिवाय तुझा जीव भांड्यात पडणार नाही म्हणाली. माझा फोन झाल्यावर तिला बाहेर काढलं."

त्याचं काही लफडं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. हिच्याशी कशावरून भांडणार? मला सहा वर्षांत जमलं नाही ते तिने दोन तासांत केलं, आणि तेही माझ्यासाठी. आभार मानायला हवे होते. माझा नुसता जळफळाट झाला.

तो आंघोळीला गेला आणि फोन वाजला. घोगरा, थकलेला आवाज. मागे बसचे हॉर्न. कुठल्यातरी बूथवरून बोलत असावी.

"अक्का, सार वीट्टुक्कु वंदुट्टारा?"

ताई, सर घरी आले का?

"राँग नंबर," म्हणून मी फोन ठेवला.