दुसऱ्या भागाचा आवाज

पप्पांच्या गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधलेली होती आणि दोरीच्या अलीकडे निम्मी कॉलनी मोबाइल वर धरून उभी होती. मी स्कूटी तिथेच लावली. रविवार होता, डब्यात पप्पांसाठी भरीत होतं, आणि मला आधी वाटलं की कुणाच्या तरी घरी गॅसचा भडका झाला. तेवढ्यात गल्लीच्या आतून एक डरकाळी आली. दोरीजवळची माणसं एकदम मागे सरकली. पुढे उभी असलेली एक बाई माझ्या अंगावरच आली.

मी मात्र जागची हलले नाही, कारण ती डरकाळी मी लहानपणापासून ओळखत होते. ती आमच्या टीव्हीतून येत होती.

बाजूला उभ्या असलेल्या माणसाने मला सांगितलं की गल्लीत बिबट्या शिरलाय. हे खोटं वाटण्यासारखं नव्हतं. पप्पांचं रो-हाउस नाशिक रोडच्या एका जुन्या कॉलनीत, गल्लीतलं अगदी शेवटचं. मागे भिंत, भिंतीपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे ऊस. उसातून बिबटे येतात हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, दर हिवाळ्यात कुणाचं ना कुणाचं कुत्रं जातं. पण भरदिवसा घरांच्या मधे कुणी पाहिला नव्हता. सकाळी दूधवाल्याला तो भिंतीवरून आत उडी घेताना दिसला होता. वनखात्याची माणसं जाळ्या घेऊन आली, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात शोधू लागली, आणि थोड्याच वेळापूर्वी त्यांच्यातल्या एकाला तो सापडला होता. कुठे, असं मी विचारलं, तर त्या माणसाने बोट केलं ते सरळ आमच्या घराकडे.

मी दोरीखालून आत गेले. एका शिपायाने अडवलं, तेव्हा वनखात्याचे अधिकारी पुढे आले. चाळिशीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस होता.

"शेवटच्या घरात आत्ता कोणकोण आहे?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील. एकटेच आहेत. त्यांना ऐकू येत नाही."

त्यांनी मला बाजूला घेतलं. मग परिस्थिती समजावून सांगितली. बिबट्या आमच्या मागच्या अंगणात होता, पत्र्याच्या शेडखाली, जुन्या कूलरच्या आड. शेजारच्या गच्चीवरून फक्त शेपूट आणि एक मागचा पाय दिसत होता, भुलीचं इंजेक्शन मारायला तेवढं पुरेसं नव्हतं. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं होतं. आणि घरातून दर थोड्या वेळाने तो भयंकर आवाज येत होता. आवाज आला की जनावर गुरगुरायचं, अंग चोरायचं, जागा बदलायचं. ते बिथरून आत घुसलं तर काय, हीच त्यांना भीती होती. शेजाऱ्यांचे फोन लावून झाले होते. पुढचं दार आतून बंद होतं, आणि ते ठोठावलं तर त्या आवाजाने जनावर नेमकं घरातच पळेल, म्हणून अधिकारी कुणाला दाराजवळ जाऊ देत नव्हते.

फोन उचलला जाणार नाही हे मला माहीत होतं. पिक्चर लावला की पप्पा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला ठेवतात आणि कानातलं मशीन काढून डबीत ठेवतात, कारण मोठ्या आवाजात ते शिट्टी मारतं.

तो पिक्चर म्हणजे एक जुना जपानी राक्षसपट, काळा-पांढरा, दुसरा भाग. पहिला भाग आमच्या घरात कुणीच कधी पाहिलेला नाही. मी चौथीत असताना पप्पांनी भाड्याने व्हीसीआर आणला होता, तेव्हा व्हिडिओ लायब्ररीवाल्याकडे एवढी एकच कॅसेट उरली होती. समुद्रातून डोंगराएवढा प्राणी वर येतो, पाठीवरून धबधब्यासारखं पाणी गळतं आणि बंदरातल्या आगगाड्या खेळण्यांसारख्या उलटतात. तो आधी मेला होता आणि परत कसा आला, हे आम्हाला कळेना, मग मम्मीने तिथल्या तिथे पहिला भाग स्वतःच्या मनाने रचून सांगितला. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात कुणी चिडलं की बाकीचे दोन्ही हातांचे पंजे करून दाखवायचे. मम्मी गेल्यावर पुण्यातल्या भावाने बाहेरच्या देशातून त्याची डिस्क मागवून पप्पांना दिली. खाली इंग्रजीत ओळी येतात, त्यामुळे ऐकू न येणाऱ्या माणसाला तो पिक्चर सोयीचा. तरी आवाज मात्र पूर्ण. ऐकू येत नसला तरी छातीत जाणवतो, असं पप्पा म्हणायचे. विहारात जायचं नसेल त्या रविवारी सकाळी तो ठरलेला.

अधिकाऱ्यांनी वायरमनला बोलावून घेतलं होतं. तो कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपाशी पोचलाही होता. लाईट घालवायची, टीव्ही बंद पडेल, शांतता झाली की जनावर स्थिर होईल आणि मग नेम धरता येईल, असा विचार होता. मला तो पटला. मी मानही हलवली. वायरमनने डीपीचं झाकण उघडलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांबवा त्याला," मी अधिकाऱ्यांचा हात धरला. "लाईट गेली की पप्पा मागे येतील. इन्व्हर्टर मागे आहे."

"मागे कुठे?"

"शेडमध्ये. कूलरला लागूनच."

आमचा इन्व्हर्टर आपोआप चालू होत नव्हता. दर वेळी शेडमध्ये जाऊन त्याचं बटण दाबावं लागायचं आणि पप्पा ते न चुकता करायचे. अंधार असो, पाऊस असो, लाईट गेली की ते उठलेच. अधिकाऱ्यांनी ओरडायचं टाळून दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. वायरमनचा हात आत गेलेला होता. तो तसाच थबकला आणि त्याने हात हळूच बाहेर काढला.

आता करायचं काय, हे कुणालाच सुचत नव्हतं. आत पिक्चर पुढे चालला होता. आवाजावरून मला कळत होतं की दुसरा प्राणी अजून यायचा आहे, आणि तो आला की दोघांची झुंज सुरू होणार, मग शेवटपर्यंत नुसत्या डरकाळ्या. मी हे अधिकाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्याच्या आत काहीतरी करायला हवं.

मी पप्पांच्या खिडकीकडे पाहत होते. ते खिडकीकडे पाठ करून बसले होते, त्यांचं पांढरं डोकं खुर्चीच्या वर दिसत होतं. समोर टीव्ही, टीव्हीच्या बाजूला स्वयंपाकघरात जायचं दार, तेही उघडं. आमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारनंतर ऊन थेट टीव्हीवर येतं आणि पप्पांना ते मुळीच सहन होत नाही, म्हणून तर ते पिक्चर सकाळी बघतात. टीव्हीवर तिरीप आली की जेवतं ताट सोडून ते पडदा ओढायला उठतात.

सकाळचं ऊन मात्र समोरच्या काकूंच्या गॅलरीत पडलेलं होतं.

मी अधिकाऱ्यांना सांगितलं आणि त्यांनी लगेच होकार दिला. काकू आमच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी दार उघडलं. मी आरसा मागितला, तर त्यांनी काही न विचारता बेसिनवरचा काढून दिला. गॅलरीत उभी राहून मी तो उन्हात धरला. उजेडाचा चौकोन आधी आमच्या भिंतीवर पडला, मग खिडकीच्या वरच्या बाजूला, मग गजांमधून आत सरकला. शेवटी टीव्हीवर पडला.

पप्पांनी डोकं एका बाजूला कलतं केलं. मी आरसा धरून ठेवला. त्यांनी खुर्ची सरकवली. मी चौकोन त्यांच्या समोर आणला. आतून नवीन आवाज यायला लागला होता, दुसरा प्राणी आला होता. शेजारच्या गच्चीवरच्या माणसाने हात वर करून खूण केली. अधिकारी खालून दबक्या आवाजात म्हणाले की बिबट्या उठून उभा राहिलाय.

पप्पा उठले. वैतागलेल्या चेहऱ्याने खिडकीशी आले, पडद्याला हात घातला आणि त्यांना मी दिसले.

माझ्या हातून पुढे जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आरसा बगलेत धरून, त्यांना जनावर आलंय हे कळावं म्हणून, मी दोन्ही हातांचे पंजे करून दाखवले. पप्पा हसले. त्यांनीही पंजे केले, मागे टीव्हीकडे बोट दाखवलं आणि मान डोलावली, म्हणजे हो, तोच बघतोय. आणि परत फिरायला लागले.

मी आरसा खाली ठेवला आणि हात जोडले. जोडलेले हात कपाळाला लावले. मला रडू फुटलं होतं, ते मी आवरलं नाही. पप्पा थांबले. त्यांचं हसू गेलं. मी त्यांच्या मागे बोट दाखवलं, नको नको म्हणून हात हलवला, मग दोन्ही तळवे दाराच्या फळ्यांसारखे एकमेकांना मिटवले. पुन्हा मिटवले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग खाली गल्लीत पाहिलं. दोरी, जाळी, खाकी कपड्यातली माणसं. ते वळले आणि खिडकीतून दिसेनासे झाले.

काकूंनी माझा दंड घट्ट धरला. पप्पा कुठल्या दिशेने गेले ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. टीव्ही चालूच होता. डरकाळ्यांवर डरकाळ्या. मग अचानक सगळं शांत झालं, इतकं शांत की गच्चीवरच्या माणसाच्या बुटाचा आवाज ऐकू आला. पुढच्या क्षणी घराच्या आत भांडी कोसळली. खूप भांडी, एकामागून एक. अधिकारी बाजूच्या बोळातून पळाले. मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. खाली मला दोघांनी धरून ठेवलं होतं.

बऱ्याच वेळाने आमचं पुढचं दार उघडलं आणि पप्पा बाहेर आले. पायात चप्पल नव्हती. बिबट्या स्वयंपाकघरात घुसला होता, पण मधलं दार तोवर लागलेलं होतं. बोळातल्या खिडकीतून अधिकाऱ्यांनी इंजेक्शन मारलं. जाळीतून त्याला नेताना मी पाहिला. जीभ बाहेर, पोट आत गेलेलं, एक कान फाटलेला. पप्पा माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या कानात मशीन नव्हतं, त्यामुळे ते नेहमीपेक्षा मोठ्याने बोलले आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"लहानच आहे गं हा," ते म्हणाले.

दार लावताना त्यांनी त्याला पाहिलं होतं. तो मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभा होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

दुपारी आम्ही दोघांनी स्वयंपाकघर धुतलं. सगळीकडे तांदूळ सांडला होता आणि एक उग्र वास होता, तो फिनेलने गेला नाही. मी त्यांना मशीन घालायला लावलं आणि मग बोलले. बरंच बोलले. आजच्या आज गंगापूर रोडला माझ्याकडे चला, हे घर भाड्याने देऊ, असं कितीतरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओट्याखालचा तांदूळ सुपात गोळा करत होते, ते थांबले.

"तू रडायला लागलीस ना," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, जावईबापूंना काहीतरी झालं. मी आधी पुढचंच दार उघडायला निघालो होतो. कडीला हात लावला, आणि मग तू केलेली खूण डोक्यात शिरली. तसाच मागे वळलो, टीव्ही बंद केला आणि मधलं दार ओढलं."

 मी फडकं पिळत राहिले.

ते माझ्याकडे आले, पण थोडेच दिवस. आमच्या घरात ते पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेला बसायचे, वर्तमानपत्राची घडी पुन्हा पुन्हा नीट करायचे. एका सकाळी त्यांची पिशवी भरलेली दिसली आणि मी अडवलं नाही. आता त्यांच्या मागच्या दाराला जाळीचं दुसरं दार आहे. इन्व्हर्टर पुढच्या खोलीत आलाय. बेल वाजली की टीव्हीच्या वर एक लाल बल्ब लागतो. रोज सकाळी मी फोन करते. ते उचलतात, पण कधी कधी रिंग वाजतच राहते, आणि मग मी हातातलं काम टाकून स्कूटीची किल्ली शोधायला लागते.