शकूआत्याच्या फारकतीचा कागद शोधत तीन कोर्टं

कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हाच ठरवलं होतं, एकदा जाऊन त्या भागातली कोर्टं बघायची. जुन्या सरकारी इमारती बघत फिरायचा माझा छंद या ब्लॉगच्या वाचकांना ठाऊक आहेच. कोल्हापूर संस्थानाला स्वतःचं हायकोर्ट होतं. कुरुंदवाडचं संस्थान वेगळं, इचलकरंजीची जहागीर वेगळी. विलीनीकरणानंतर सगळं मुंबईच्या हायकोर्टाखाली आलं आणि आता सहा जिल्ह्यांची अपिलं पुन्हा कोल्हापुरात चालतात. तीन दिवस, एसटी आणि एक पाठपिशवी, एवढाच बेत होता.

राजारामपुरीत माझी शकूआत्या एकटी राहते. वय बासष्ट, एका दवाखान्यात आया म्हणून काम करून निवृत्त झालेली. फोन केला तर म्हणाली, "कोर्टंच बघणार हाईस न्हवं? मग मला बी संगं घे. माझं काम हाय तिथं."

काम असं होतं. घरकुलाच्या अर्जावर तिनं 'घटस्फोटित' लिहिलं होतं, म्हणून कोर्टाच्या हुकुमाची नक्कल हवी होती. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या माराला कंटाळून ती कबनूरहून निघाली आणि कोल्हापूरला, माझ्या बाबांकडे आली. बाबा तिचे थोरले भाऊ, आता पुण्यात माझ्याजवळ राहतात. वर्षभरानं त्यांनीच तिला सांगितलं, कोर्टात फारकत झाली. तिनं कागद कधी मागितला नाही. दादानं सांगितलं म्हणजे झालं.

पहिला दिवस कोल्हापूरचा. सकाळी मिसळ (तिखट झेपत नसेल तर कट वेगळा मागा), मग सर्किट बेंच असलेली जिल्हा न्यायालयाची जुनी दगडी इमारत बाहेरून बघितली आणि रिक्षानं कसबा बावड्याच्या नव्या न्यायसंकुलात गेलो. आत्याच्या ओळखीच्या वकीलबाई तिथं भेटल्या. जुन्या नोंदी शोधण्यासाठी त्यांनी दीड महिन्यापूर्वीच अर्ज टाकले होते.

"काकू, असा दावा कुठंही लावता येत नाही," त्या म्हणाल्या. "लग्न जिथं झालं, नवराबायको शेवटी जिथं एकत्र राहिले, किंवा जिच्यावर दावा लावायचा ती जिथं राहते, तिथल्याच कोर्टात. तुमच्या बाबतीत कुरुंदवाड, कबनूर आणि कोल्हापूर. कोल्हापुरात तरी नोंद मिळाली नाही."

"मग कुरुंदवाडला आसंल की," आत्या म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नृसिंहवाडी. बायकांना अर्धं तिकीट, रस्ता बरा, दोन्ही बाजूंना ऊस. वाडीत बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. पुलापलीकडे कुरुंदवाड, आत्याचं माहेर. इथल्या विहाराच्या अंगणात तिचं लग्न लागलं होतं. कोर्टातल्या कारकुनांनी चष्मा वर करून आमचा अर्ज बघितला.

"असली प्रकरणं हितं चालतच न्हवती बाई, वरच्या कोर्टात जायची. तरी मी समदी रजिस्टरं बघितली. न्हाय."

"वरचं कोर्ट म्हंजे?"

"नवरा कबनूरचा न्हवं? मग इचलकरंजीला इचारा."

परतीच्या एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत अचानक म्हणाली, "दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला लग्नाचं इचारलं होतं. माणूस चांगला होता. मीच न्हाय म्हटलं." माझ्या हातातली बर्फी तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी इचलकरंजी. उत्तर दोन ओळींचं होतं: त्या वर्षांत या नावांचा कोणताही दावा दाखल नाही. मी वकीलबाईंना फोन लावला. उत्तर वाचून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "याचा अर्थ घटस्फोट झालाच नाही. त्या अजून त्यांच्या पत्नीच आहेत."

मी आत्याला ते सांगितलं. ती कोर्टाच्या पायरीवरच बसली. तिचा चेहरा कोरडा होता. "चाळीस वर्सं," एवढंच म्हणाली. मग उठली. "चल कबनूरला."

कबनूर लागूनच आहे. गल्लीत शिरल्यावर यंत्रमागांच्या खडखडाटात आपलंच बोलणं ऐकू येत नाही. आत्यानं घर बरोबर शोधलं. दार एका पन्नाशीच्या बाईनं उघडलं.

"कुणाकडं पावणं?"

"मी शकुंतला," आत्या म्हणाली. "ह्या घरातली पयली."

ती बाई, मंगल, दाराला धरून उभी राहिली. मग बाजूला झाली आणि आम्हाला पाणी दिलं. नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. आत्यानं सगळं सांगितल्यावर मंगल मोठ्यानं म्हणाली, "खोटं! फारकत झालीया. कागद दावल्यावरच माझ्या बापानं मला दिली." आणि ट्रंकेतून तिनं तो कागद काढला.

साधा स्टॅम्पपेपर, कोर्टाचा शिक्का कुठंच नाही. 'आजपासून आमचा संबंध राहिला नाही,' खाली नवऱ्याची सही. आत्याच्या सहीला जागाच ठेवली नव्हती. साक्षीदाराची सही मात्र होती, माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं उमटलेली, वळणदार. बाबांची. मी तो कागद दोनदा उलटून बघितला, जणू मागच्या बाजूला दुसरं कुणाचं नाव निघेल.

"मग माझं लगीन?" मंगलनं विचारलं. तिचा आवाज फाटला. "आता घर मागाय आलाय व्हय?"

"घर तुझं तुला ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "मला त्याच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स दे. अर्जावर खरं काय ते लिवायचंय." मंगल रडत होती. आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण झेरॉक्सच्या दुकानापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली.

पुण्याला पोचले त्याच संध्याकाळी बाबांसमोर फोनमधला त्या कागदाचा फोटो धरला. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी लगेच ओळखला.

"तिचा नवरा कोर्टात यायला तयार नव्हता," ते म्हणाले. "वकील म्हणाले, वर्षं जातील. आणि शकू रोज म्हणायची, परत जाते. परत गेली असती तर जिवंत राहिली नसती. म्हणून सांगितलं, कोर्टात झालं."

"तिनं दुसरं लग्न केलं असतं तर?"

त्यांनी माझ्या हातातला फोन घेऊन टेबलावर पालथा ठेवला. मला राग येत होता, आणि या माणसानं तिला वाचवलं हेही दिसत होतं. दोन्ही अजून तसंच आहे.

कोर्टं बघायला जाणाऱ्यांसाठी एवढंच: जेवणाच्या सुट्टीआधी पोचा, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि घरातल्या बाईच्या नावाचा प्रत्येक कागद तिच्याच हातात आहे ना, ते आधी बघा.

आठवड्यानं आत्याचा फोन आला. अर्जावर तिनं 'विधवा' लिहिलं होतं. मग म्हणाली, "दादाला दे." मी स्पीकर लावला.

"दादा, मार खाण्यातनं तू मला सोडवलंस, ते खरं हाय. पर मी सुटलेच न्हवते, हे तुला म्हाईत होतं."

"शकू, मी येतो तिकडं. उद्याच येतो."



"न्हाय," आत्या म्हणाली. "कवा यायचं ते मी सांगीन."