नवव्या गाण्यातली मोकळी जागा

फोन शैलाचा होता. मी मस्कतला एका इमारतीच्या गच्चीवर एसीचं मशीन उघडून बसलो होतो. "दिगू गेला रे... सकाळी चहा प्यायला, जरा आडवा झाला, परत उठलाच नाही." दिगंबरची ती धाकटी बहीण. मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिलो आणि हातातला स्क्रू पिळत राहिलो. त्याला आता महिना होत आला. जायला सुट्टी मिळाली नाही, म्हणून हे लिहितोय. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

काळाचौकीला आम्ही एकाच चाळीत, एकाच मजल्यावर. आमचे वडीलही एकाच गिरणीत. संप लांबत गेला तसे बाबा घरी बसले आणि मी शाळा सोडून चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपात लागलो. दिगूची आई पापड लाटायची, तो शिकत राहिला. पण रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे यायचा. "तुला सांगितलं की माझा अभ्यास होतो रे, उपकारबिपकार समजू नकोस," म्हणायचा. इंग्रजी अक्षरं मी त्याच्याकडून शिकलो. पुढे माझा पासपोर्टचा फॉर्मही त्यानंच भरला. तो नसता तर मी गल्फ काय, वडाळ्याच्या पुढे गेलो नसतो.

दिगूला आवाजांचं वेड. मंडळाचे स्पीकर दुरुस्त करता करता कीबोर्ड आला, मग कॉम्प्युटर. खोलीच्या भिंतींना आईच्या जुन्या गोधड्या ठोकून त्यानं स्टुडिओ केला. पोटासाठी जाहिरातींचं संगीत करायचा, पण मनात स्वतःचा एक अल्बम होता... वाजणारं सगळं मशीनवरचं आणि प्रत्येक गाण्यात आपल्या वस्तीतला एक पाहुणा आवाज. नाक्यावर मासळी विकणाऱ्या हिरामावशीला त्यानं माइकसमोर उभं केलं, तर ती म्हणाली, "मेल्या, समोर गिऱ्हाईक नाय तर वरडू कोनाला?" शेवटी दिगूच टोपलीपुढे उकिडवा बसून पापलेटचा भाव पाडायला लागला, तेव्हा कुठे मावशी रंगात आली.

नवव्या गाण्यासाठी त्यानं माझ्या बाबांना गाऱ्हाणं घालायला बसवलं. आमच्या कोकणात कार्य असलं की जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो आणि जमलेली माणसं त्याच्या प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. चाळीत तो मान बाबांचा. मी तेव्हा इथे मस्कतला, पण शैला सांगते, बाबांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, गिरण बंद पडली, पन ह्या पोरांची चूल बंद पडाक नको रे म्हाराजा!" गोधड्यांच्या त्या खोलीत कोंबलेल्या दहा-बारा जणांनी दणकून "होय म्हाराजा!" दिलं.

तीन आठवड्यांनी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी मुळातच घाबरट, त्यात परका मुलूख. डोक्यात एकच घुसलं... नारळ नाही, देव नाही, मशीनच्या ठेक्यासाठी गाऱ्हाणं घातलं, तेच बाधलं. दिगूला फोन केला.

"ते पुसून टाक."

"अरे, काकांचं बोलणं आता एवढंच उरलंय. गाण्यात नाही घेत. पण ठेवू दे."

"एकही कॉपी नको. तुला माझी शपथ आहे."

त्यानं मागे चाललेला ठेका बंद केला. मग म्हणाला, "शपथ कशाला घातलीस रे..."

बाबा पुन्हा बोलले नाहीत. दोन वर्षांनी गेले. अल्बम निघाला, दिगूनं सीडी पाठवली, तिचं वेष्टन मी फोडलंसुद्धा नाही. चूक माझीच होती हे कळायला लागलं होतं, पण त्याला तसं सांगायला जीभ रेटली नाही. फोनवर आम्ही तब्येतीचं विचारायचो आणि ठेवायचो. आतून मात्र एक आशा होती, की त्यानं माझं ऐकलं नसेल, कुठेतरी तो आवाज ठेवला असेल. तो गेल्यावर शैलाला लाजत लाजत विचारलं. तिनं मुलाला बसवून कॉम्प्युटर, जुन्या डिस्क, सगळं धुंडाळलं. "नाही रे. त्यानं तुझी शपथ पाळली." जन्मभर मी दिगूचं ऐकलं, त्यानं माझं एकदाच ऐकलं... तेवढं ऐकलं नसतं तर!

"नववं गाणं ऐकलंस का पण तू?" शैलानं विचारलं. त्या दिवशी वेष्टन फोडून सीडी लावली. ठेका सुरू होतो, मग अचानक थांबतो. काहीच नाही, नुसती शांतता. आणि एकदम दहा-बारा जणांचं "होय म्हाराजा!" पुन्हा ठेका, पुन्हा शांतता, पुन्हा उत्तर. त्यानं बाबांचा आवाज पुसला होता, पण बाबांच्या प्रत्येक वाक्याएवढी जागा तशीच सोडली होती. शैला म्हणाली, दर रविवारी तो आमच्या खोलीत जाऊन बाबांना हे गाणं लावायचा आणि त्या शांततेत बाबांचे ओठ हलायचे. मला हे कुणी सांगितलं नाही. मी तरी कधी विचारलं?

शुक्रवारी खोलीतले सोबती बाहेर गेले की मी ते लावतो. उत्तर देणाऱ्यांत एक आवाज बाकीच्यांच्या किंचित आधी येतो. तो दिगूचा. इतरांचा ठेका काट्यावर बसवणारा माणूस, स्वतः मात्र घाई करून बसला आणि तसंच राहू दिलं. मला अख्खं गाऱ्हाणं येत नाही. गेल्या शुक्रवारी ती शांतता आली तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "बा देवा म्हाराजा, माजा चुकला रे म्हाराजा..."

आणि दिगू, सगळ्यांच्या आधी, "होय म्हाराजा!"